बायोप्सी न करता कॅन्सर कसा सांगतात? तान्ह्या बाळाच्या डोळ्यातल्या गाठीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. लेक ९ महिन्यांची, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डावा डोळा मांजरासारखा पांढरा चमकतो, लातूरला डॉक्टरांनी डोळ्याची सोनोग्राफी केली त्यात गाठ आणि कॅल्शियम दिसलं, त्यांनी 'रेटिनोब्लास्टोमा (म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) वाटतोय, ताबडतोब मोठ्या सेंटरला जा' अशी चिठ्ठी दिली, आणि आता घरातले म्हणतायत की आधी बायोप्सी करा, तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणतातच कसे. मी लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा, पण तिकिटं आधी काढा.

सरळ उत्तर असं की बायोप्सी करायची नाही. कुणी 'सुई घालून थोडं पाणी काढून तपासू' म्हणालं तर नको म्हणा आणि तिथून निघा. तुमच्या लातूरच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत बघितलं, सोनोग्राफी केली, सुई लावली नाही आणि पुढे पाठवलं, म्हणजे जे करायला हवं होतं ते सगळं केलं. इतकं नीट सगळीकडे होत नाही.

घरच्यांचा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. स्तनाचा, तोंडाचा, आतड्याचा कुठलाही कॅन्सर घ्या, तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय कुणी केमो लावत नाही, आणि तेच बरोबर आहे. रेटिनोब्लास्टोमा हा त्यातला अपवाद आहे. ही गाठ डोळ्याच्या पडद्यातून उगवते आणि तिच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून नसतात, सुट्या होऊन डोळ्यातल्या जेलीत तरंगतात. डोळ्याचं बाहेरचं पांढरं कवच मात्र जाड असतं, त्यामुळे गाठ बराच काळ आतच कोंडलेली राहते, झाकण घट्ट लावलेल्या डब्यासारखी. सुई घातली की त्या डब्याला भोक पडलं. सुईच्या वाटेने पेशी बाहेर खोबणीत येऊ शकतात, आणि मग जो आजार डोळ्यापुरता होता, ज्यात वेळेत उपचार मिळाले तर मूल वाचण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या पुढे असते, तो डोळ्याबाहेरचा आजार होतो. मग उपचार जास्त कडक, डोळा वाचवायचा विषय बहुतेक संपतो आणि जिवाचा धोका वाढतो. एका रिपोर्टसाठी एवढं कोण घालवेल?

आता तुम्ही नेटवर वाचाल की रेटिनोब्लास्टोमात डोळ्यात इंजेक्शन देतात, मेलफालान नावाचं औषध, मग ती सुई कशी चालते? चालते, पण तेव्हा निदान झालेलं असतं, सहसा केमो होऊन गाठ आटोक्यात आलेली असते, जिथून सुई जाणार तो भाग गाठीपासून लांब आहे ना हे बघून ठेवलेलं असतं, आधी डोळ्यातलं प्रेशर कमी करतात आणि सुई बाहेर काढताना त्या जागी क्रायो लावून ती जागा गोठवतात, म्हणजे वाटेत पेशी राहिलीच तर तिथेच मरावी. एवढी सगळी तयारी करून घातलेली सुई वेगळी आणि 'बघू काय निघतंय' म्हणून घातलेली सुई वेगळी. लॉस एंजेलिसच्या जेसी बेरी आणि त्यांच्या टीमने २०१७ मध्ये दाखवलं की डोळ्याच्या पुढच्या पाण्यात गाठीचा डीएनए सापडतो, त्यावर पुढे बरंच काम चालू आहे आणि मला स्वतःला त्याबद्दल फार आशा आहे, पण तुमच्या मुलीचं निदान करायला आज त्याची गरज नाही.

मग निदान होतं कसं? बघून. खरंच, मुख्यतः बघून. पण हे बघणं म्हणजे ओपीडीत टॉर्च मारणं नव्हे. बाळाला भूल देऊन पूर्ण तपासणी करतात, आम्ही त्याला ईयूए म्हणतो. तासभर आधीपासून दर १०-१५ मिनिटांनी ड्रॉप्स घालून बाहुल्या पूर्ण मोठ्या करतात, दोन्ही डोळ्यांच्या. मग ऑपरेशन थिएटरमध्ये मास्कने भूल देतात, बाळ २-४ मिनिटांत शांत होतं, पापण्या बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. डॉक्टरच्या डोक्यावर लाईट, हातात भिंग, आणि दुसऱ्या हातात एक बोथट छोटं साधन, त्याने डोळा बाहेरून हळू दाबत दाबत पडद्याची अगदी कडेची बाजू आत ढकलून बघायची, घड्याळाच्या बाराही आकड्यांवर. हे दाबून बघणं टाळलं तर कडेची बारीक गाठ सुटते, म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो की दाबल्याशिवाय बघितलं असेल तर केसपेपरवर 'नॉर्मल' लिहू नका. मग डोळ्याचं प्रेशर, बुबुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये, रेटकॅम नावाच्या खास कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो, आणि तिथेच सोनोग्राफी.

बघताना काय दिसतं? सायीसारखा पांढरट पिवळसर उंचवटा, त्यात शिरणारी एक फुगलेली रक्तवाहिनी आणि बाहेर पडणारी दुसरी, कधी जेलीत तरंगणारे पांढरे कण, कधी पडदा सुटून मागे पाणी साचलेलं. लेन्स बहुतेक वेळा स्वच्छ असते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. सोनोग्राफीत कॅल्शियमचे ठिपके चमकतात. मशीनचा गेन, म्हणजे चित्राची चमक, कमी करत न्यायचा, बाकीची गाठ स्क्रीनवरून पुसली जाते पण कॅल्शियम तेवढं चमकत राहतं आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. ९ महिन्यांचं बाळ, नॉर्मल आकाराचा डोळा, पडद्यातून उगवलेली गाठ आणि त्यात कॅल्शियम, एवढं जुळून आलं की अनुभवी माणसाला फार शंका राहत नाही. तुमच्या चिठ्ठीत यातलं बरंचसं आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे खोटा दिलासा देत नाही, शक्यता रेटिनोब्लास्टोमाचीच जास्त वाटते. तरी शेवटचा शब्द ईयूएनंतरचा.

एमआरआय सांगतील, तो करा. डोळ्यामागच्या नसेत आजार शिरलाय का आणि मेंदूत पिनिअल ग्रंथीच्या जागी काही आहे का हे त्यात दिसतं. जवळच्या सेंटरला सीटी स्वस्तात आणि लगेच होतो म्हणून तो करून नेऊ नका, कारण यातल्या काही मुलांच्या अंगभर सगळ्या पेशींमध्ये जीनचा दोष असतो आणि अशा मुलांना रेडिएशन टाळता येईल तेवढं टाळायचं असतं. कॅल्शियम बघायला सोनोग्राफी पुरते.

'दुसरं काही असू शकतं का?' हे तुम्ही दोनदा विचारलंय. असू शकतं, आणि आमच्या कामातला निम्मा वेळ याच प्रश्नात जातो. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलने २०१३ मध्ये त्यांच्याकडे रेटिनोब्लास्टोमाच्या संशयाने आलेल्या २,७७५ मुलांचा हिशोब मांडला होता, त्यातल्या ६०४ जणांना म्हणजे २२ टक्क्यांना भलतंच काही निघालं. पाचातल्या एकाला. त्यात पहिला नंबर कोट्स डिसीजचा. यात पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या फुगतात, गळतात आणि चरबीसारखा पिवळा पदार्थ पडद्याखाली साचतो. बहुतेक मुलगे आणि बहुतेक एकच डोळा. फोटोत चमक पांढरीपेक्षा पिवळसर सोनेरी दिसते. मी बघतो ते रक्तवाहिन्यांकडे. रेटिनोब्लास्टोमात त्या गाठीत बुडी मारतात, कोट्समध्ये पडद्याच्या कडेला छोट्या छोट्या बल्बसारख्या फुगून बसतात आणि कॅल्शियम सहसा नसतं. सांगायला सोपं वाटतं, पण पडदा पूर्ण सुटून लेन्सच्या मागे येऊन टेकला असेल तर दोघांतला फरक सांगताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये मात्र पीएफव्ही जास्त सापडतो. गर्भात लेन्सला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जन्माआधी विरून जायला हव्यात, त्या राहून जातात. यात डोळा दुसऱ्यापेक्षा जरा लहान असतो, लेन्सच्या मागे पांढरा पापुद्रा असतो, पुढे मोतीबिंदूही होतो. म्हणून वर म्हटलं की लेन्स स्वच्छ आहे का आणि डोळा लहान आहे का, या २ साध्या गोष्टी कुठल्याही गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरला कळतात आणि अर्धं उत्तर तिथेच मिळतं. जन्मजात मोतीबिंदू, कमी दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार आरओपी, पडद्यातली जन्मजात फट, यातही बाहुली पांढरी दिसते, ते सगळं तपासणीत बाजूला पडतं.

काही गोष्टी डोळ्याबाहेर बघून कळतात. बाळाला झटके येतात आणि अंगावर पानासारखे फिकट डाग आहेत, तर पडद्यावरची पांढरी गाठ ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारातली निरुपद्रवी गाठ असू शकते. चेहऱ्यावर एका बाजूला जन्मापासून लाल वाईनच्या रंगाचा डाग असेल तर त्या बाजूच्या डोळ्याच्या मागच्या थरात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. बुबुळात आपोआप रक्त येतंय आणि अंगावर पिवळसर पुटकुळ्या, तर ज्युव्हेनाईल झँथोग्रॅन्युलोमा. मार लागलेला नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं तर मी डोळ्याआधी पोटाची सोनोग्राफी सांगतो, न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांचा बहुधा पोटात सुरू होणारा कॅन्सर, असू शकतो. बाळाचा झगा काढून अंग बघायला एक मिनिट लागतं, डोळ्याचे डॉक्टर ते फार कमी वेळा करतात.

सगळ्यात फसवी म्हणजे मेड्युलोएपिथेलिओमा. फार दुर्मिळ, ती पडद्यात नाही तर बुबुळाच्या मागे लपलेल्या सिलिअरी बॉडीत होते, त्यामुळे सरळ बघून दिसतच नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता ५ वर्षांचा, बाहेर काचबिंदू म्हणून ऑपरेशन करून आलेला. बाहुली एका बाजूला किंचित ओढलेली, लेन्सच्या कडेला एक खाच, आणि बुबुळावर नको तिथे बारीक रक्तवाहिन्या. यूबीएम म्हणून जास्त बारकाईची सोनोग्राफी असते, ती केल्यावर खाचेच्या मागे बुडबुड्यांसारख्या पोकळ्या असलेली गाठ दिसली. लहान मुलाच्या एकाच डोळ्यात कारण कळत नसलेला काचबिंदू असेल तर आधी गाठ नाही ना हे बघायचं आणि मगच हत्याराला हात लावायचा, एवढं जरी सगळ्यांनी पाळलं तरी खूप आहे. या गाठीत काही मुलांना डायसर१ जीनचा दोष असतो आणि त्यांच्या फुफ्फुसातही गाठ होऊ शकते, म्हणून छाती पण तपासतात.

उलटी फसवणूक पण होते. म्हणजे आजार रेटिनोब्लास्टोमाच पण दिसतो इन्फेक्शनसारखा. डोळा लाल, पापणी सुजलेली, बाळ रडतंय, मग अँटिबायोटिक चालू होतं, २ दिवस स्टेरॉईड, सूज उतरते, सगळे खूश. आत मोठी गाठ स्वतःच सडल्यामुळे ती सूज आलेली असते. बाळाच्या डोळ्याला अशी सूज आली आणि आतला पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी झालीच पाहिजे, यात वाद नको. आणखी एक पसरट प्रकार असतो, ५-६ वर्षांच्या मुलांत, त्यात ना धड गाठ दिसते ना कॅल्शियम, पुढच्या भागात नुसता पांढरा गाळ साचतो आणि महिनोन् महिने डोळ्याची आतली सूज म्हणून ड्रॉप्स चालतात. तुमच्या बाळाला हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाला असेल म्हणून लिहिलं.

तिरळेपणाबद्दल. तुम्ही लिहिलंय की ५व्या-६व्या महिन्यापासून डोळा तिरका जायचा आणि सासूबाई म्हणाल्या तिरळं मूल नशीबवान असतं, मोठं झाल्यावर जाईल. त्यांना बोल लावू नका, हे घराघरांत म्हणतात आणि वाईट वाटतं ते याचं की काही डॉक्टरही म्हणतात. पांढऱ्या चमकेनंतर या आजाराचं दुसरं मोठं लक्षण तिरळेपणाच आहे, कारण गाठीने मधली नजर गेली की डोळा भरकटतो. सुरुवातीच्या २-३ महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात ते ठीक, पण त्यानंतरही तिरळं बघणाऱ्या प्रत्येक बाळाची बाहुली मोठी करून पडदा बघितला पाहिजे, चष्म्याचा नंबर नंतर.

आणि ज्यांनी हे वाचून आत्ता पोरांचे फोटो चाळायला घेतलेत त्यांच्यासाठी, एखाद्या फोटोत पांढरं दिसलं म्हणजे गाठच असं नाही. बाळ बाजूला बघत असेल तर नाकाकडे वळलेल्या डोळ्यात फ्लॅशचा उजेड साधारण १५ अंशाच्या कोनात थेट नसेच्या तोंडावर पडतो, ती जागा मुळातच पांढरट असते, त्यामुळे धडधाकट डोळाही चमकतो. बाळ सरळ कॅमेऱ्याकडे बघतंय आणि तरी एक डोळा लाल, एक पांढरा, असं वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत दिसलं तर थांबू नका. अमेरिकेत ब्रायन शॉ म्हणून केमिस्ट्रीचे प्रोफेसर आहेत, त्यांच्या मुलाला हाच आजार झाला होता, निदानानंतर त्यांनी जुने फोटो काढून बघितले तर तान्हा असतानाच्या फोटोंत चमक होती. त्यावरून त्यांनी मोबाईलचं ॲप बनवलं, आणि २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात डोळ्याचा आजार असलेल्या २० पैकी १६ मुलांच्या घरगुती फोटोंत ॲपला निदानाच्या आधीच पांढरी चमक सापडली, सरासरी १.३ वर्षं आधी. फक्त ॲपने 'ठीक आहे' म्हटलं म्हणून तपासणी रद्द करू नका, ॲप शोधायला मदत करतं, क्लीन चिट द्यायला नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला तुमचे फोटो तारखेनिशी घेऊन जा, जिथून चमक सुरू झाली तिथपासूनचे, डॉक्टरांना अंदाज येतो.

आता दुसरा डोळा. एकाच डोळ्याचा आजार साधारण २ वर्षांच्या आसपास सापडतो, दोन्ही डोळ्यांचा पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला. तुमची ९ महिन्यांची आहे, म्हणून उजवा डोळा बाहेरून कितीही छान दिसला तरी तो भुलेखाली तेवढ्याच बारकाईने बघतील, आणि आज स्वच्छ निघाला तरी काही आठवड्यांनी परत बघतील. दर वेळी भूल देतात म्हणून घाबरून मधली तारीख चुकवू नका. रक्तातून आरबी१ जीनची तपासणी सांगतील, याच जीनच्या दोषाने हा आजार होतो. 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' हे सगळेच सांगतात, आणि खरंच १० पैकी ९ मुलांच्या घरात कुणालाच नसतं. तरी एका डोळ्याचा आजार असलेल्या साधारण १५ टक्के मुलांत दोष जन्मजात अंगभर असतो, मग दुसऱ्या डोळ्यावर आणि पुढच्या आयुष्यात हाडांच्या वगैरे कॅन्सरवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून ही टेस्ट महाग वाटली तरी टाळू नका, कुठे सवलतीत होते का ते सेंटरला विचारा.

बायोप्सीचा रिपोर्ट शेवटपर्यंत मिळतच नाही असंही नाही. गाठीने डोळा पूर्ण भरलाय, नजर राहिलेली नाही, नसेकडे धोका आहे, असं असेल तर डोळा काढायचा सल्ला देतात, आणि काढलेला अख्खा डोळा पॅथॉलॉजीत जातो. तिथे नसेचा कापलेला शेंडा स्वच्छ आहे का, मागच्या थरात पेशी शिरल्यात का, हे बघून पुढे केमो लागेल की नाही ठरतं. म्हणजे तुमच्या घरच्यांना हवा तो रिपोर्ट येतो, फक्त डबा न फोडता. गाठ लहान असली तर केमो, लेझर, क्रायो, मांडीच्या धमनीतून नळी घालून थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीत औषध, रेडिएशनची छोटी चकती असे बरेच मार्ग आहेत आणि बऱ्याचदा डोळा वाचतो. आम्ही आधी जीव, मग डोळा, मग नजर या क्रमाने विचार करतो, तुमच्याशी बोलणारे डॉक्टरही त्याच क्रमाने बोलतील, ऐकायला कठोर वाटेल.

कुठे जायचं म्हणाल तर लातूरहून हैदराबाद सोयीचं, तिथे एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या हॉस्पिटलात या आजाराचं मोठं काम आहे. मुंबईत टाटा मेमोरियल आहे, परळला. चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि दिल्लीचं एम्सही आहे, पण तान्ह्या लेकराला घेऊन वारंवार जावं लागणार तेव्हा येणंजाणं जमेल असंच ठिकाण निवडा, ४ ठिकाणी ४ मतं घेत महिना घालवू नका. आज रात्री झोप उडवण्याइतकी घाई नाही पण हा आठवडा जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात उपचार घेणार असाल तर रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. भुलेच्या आधी साधारण ४ तास अंगावरचं दूध बंद ठेवायला सांगतात, नेमकी वेळ भूलतज्ज्ञांना विचारा, आणि बाळाला सर्दी खोकला असेल तर लपवू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मोठा मुलगा ३ वर्षांचा आहे आणि त्याला आजीकडे ठेवून जाणार आहात. त्यालाही बरोबर न्या. त्याचे डोळे अजून कुणी ड्रॉप्स घालून बघितलेले नाहीत, तेही त्याच फेरीत बघून घ्या.